बॉनेटवर गाल

४ नोव्हेंबर, सोमवार

आज लोहचुंबकानं माझी अब्रू घेतली!

सकाळी एक जुनी गाडी आली. फिका पिस्ता रंग, गोल दिवे, वय पन्नासच्या आसपास. बरोबर मालकीणबाई — दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त. मी नेहमीसारखा कोणाशी न बोलता पुढे झालो, खिशातून चुंबक काढला आणि दाराला लावला. पडला. पुन्हा लावला. पडला. मडगार्ड, बॉनेट, डिकी — सगळीकडून टपकन खाली! पत्र्याला चुंबक चिकटतो, पुट्टीला चिकटत नाही, हे माझं तीस वर्षांचं शास्त्र. मी चारचौघांत जाहीर करून टाकलं — "बाई, तुम्हाला फसवलंय. ही गाडी नाही, आख्खी पुट्टी आहे. पत्रा औषधालाही नाही."

बाई शांतपणे म्हणाल्या, "ॲल्युमिनियमची आहे हो ती. चुंबक चिकटला असता तर मी घाबरले असते."

मागे ठोक्या हसला. ठोक्या म्हणजे आमचा डेंट काढणारा. त्याला हसायला कारण लागत नाही, आज तर मी ताट वाढूनच दिलं. मी चुंबक खिशात घातला आणि म्हणालो, "तेच तपासत होतो." कोणी विश्वास ठेवला नाही.

ॲल्युमिनियमची गाडी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. ऐकून होतो. भुताबद्दल जसं ऐकून असतो तसं.

बाईंना रंग लावायचा नाही, फक्त मशीननं पॉलिश हवंय. रंग कारखान्यातला मूळ आहे. त्यावर डाग, बारीक ओरखडे, उन्हानं आलेला पांढरेपणा. फवारा — आमचा पेंटर — चारी बाजूंनी फिरला, नाक लावून बघितलं आणि म्हणाला, "हा रंग आता बनत नाही. मला जुळवता येणार नाही. कोणालाच येणार नाही. जळला की गेला." एवढं बोलून त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे कशाला बघायचं?

पण खरं काय ते आता इथं लिहितो, कारण दुसरीकडे कुठं बोलायची सोय नाही. एप्रिलपासून माझी बोटं मेलीत. उजव्या हाताची पाची, डाव्याची तीन. दिसतात छान, हलतात, स्क्रू पिळतात — पण गरम-गार कळत नाही. हीनं एकदा उकळत्या पाण्याचं भांडं हातात दिलं, मी आरामात धरून उभा! ही ओरडली, "अहो, चटका नाही लागला?" मी म्हणालो, "सवय आहे." बायकोला तेवढं पुरलं. मला नाही.

पॉलिशवाल्याचं सगळं भांडवल म्हणजे बोटांची पाठ. मशीन चार वेळा फिरवायचं, बोट टेकवायचं. सोसलं तर पुढे, नाही तर थांब. रंग तापला की मऊ पडतो, आणि कडेवर तर बघता बघता खालचा धातू दिसायला लागतो. वर्कशॉपमध्ये माझ्या हाताला सोन्याचा हात म्हणतात. सोन्याला काही कळत नाही, हे कोणाला माहीत नाही.

धाकटीला कळलं तर मशीन काढून घेईल. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण आणि माझी मालकीण. वर्कशॉप तिच्या सासऱ्यांचं. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवतो, त्याला गाडीची पुढची बाजू कोणती तेही विचारावं लागतं. म्हणून किल्ल्या तिच्या कमरेला. आणि मशीन गेल्यावर मी काय करणार? नुसता तिचा भाऊ म्हणून खुर्चीवर बसणार?

झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी तर आठच बोटं झाकायची आहेत.

५ नोव्हेंबर, मंगळवार

यांना कळलंय!

दुपारी डबा खात होतो. ऑफिसचं पार्टिशन इतकं पातळ की आतल्या माणसानं उसासा टाकला तर बाहेर ऐकू येतो. फवारा आत होता. "ताई, हे काम मास्तरला नका देऊ. दुसऱ्या गाड्यांचं वेगळं. इथं मागाहून काही करता येणार नाही." धाकटी म्हणाली, "बाईंनी त्यालाच मागितलंय. नाही कशी म्हणू? कारण काय सांगू?" फवारा म्हणाला, "कारण तर सांगता येणारच नाही."

मास्तर म्हणजे मी. कारण सांगता येणार नाही म्हणजे काय! बोटं. दुसरं काय असणार?

पण कळलं कसं? मी ताकास तूर लागू दिलेला नाही. एप्रिलपासून अगदी भित्र्यासारखं काम करतोय. मशीनचा वेग निम्म्यावर. दाब नाही, नुसतं मशीनचं वजन. आणि कडांना टेप! लिहितानाही लाज वाटते. तीस वर्षं मी टेप लावणाऱ्यांना हसलो — टेप म्हणजे सायकलला जोडचाकं, ज्याला तोल नाही त्यानं लावावी. आता मी प्रत्येक कडेला, पत्र्याच्या प्रत्येक घडीला गुपचूप टेप लावतो आणि कोणी आलं की "धूळ बसू नये म्हणून" सांगतो.

धाकटी बाहेर आली. "दादा, जमेल ना रे तुला?"

"का? माझ्या हाताला काय धाड भरलीय?"

ती फवाऱ्याकडे बघून आत गेली. हा फवारा मत्सरी आहे, हे माझं जुनं मत. बाईंनी नाव घेऊन मला मागितलं, ते याच्या पोटात दुखतंय.

६ नोव्हेंबर, बुधवार

तयारीचा दिवस. तीन भांडणं.

पहिलं ठोक्याशी. धाकटी कुठून कुठून वाचून आली आहे — लोखंडाची भुकटी ॲल्युमिनियमवर पडू द्यायची नाही. कण कुठं ओरखड्यात अडकून राहिला आणि पाणी लागलं की रंगाखाली फोड धरतो. म्हणजे ठोक्याचं ग्राइंडर बंद, किंवा त्यानं लांब जायचं. ठोक्या म्हणाला, "गाडी आहे की बाळंतीण?" मी म्हणालो, "बाळंतीणच समज, आणि पडद्याबाहेर राहा." मोठा प्लॅस्टिकचा पडदा लावला. पॅड नवीन, ब्रश नवीन. स्टीलच्या गाड्यांना लागलेलं एकही फडकं आत येऊ दिलं नाही.

दुसरं भांडण घरी. फडकी नवी लागणार होती, मऊ, म्हणून मी सकाळी कपाटातले चार टॉवेल नेले. चांगले होते, हे मला काय माहीत! "पाहुण्यांसाठी ठेवले होते!" पाहुणे येऊन तीन वर्षं झाली. तेही सांगितलं. सांगायला नको होतं.

तिसरं यंत्राशी. रंगाची जाडी मोजायचं आमचं जुनं यंत्र या गाडीवर लावलं तर आकडाच येईना. नुसत्या रेघा. म्हणजे त्याच्या मते इथं गाडीच नाही! धाकटीनं नवं मागवलं, ॲल्युमिनियमवरही चालणारं. तिनं जागोजागी मोजून टेपच्या तुकड्यांवर आकडे लिहून चिकटवले. टपावर दीडशेच्या वर. दारांवर एकशेवीस. बॉनेटच्या मधल्या घडीवर — सत्तर.

"सत्तर म्हणजे किती?" मी विचारलं.

"डोक्यावरच्या एका केसाएवढा रंग, दादा."

मी टोपी काढून डोकं चाचपलं. माझ्याकडे तेवढेही शिल्लक नाहीत.

७ नोव्हेंबर, गुरुवार

एक दार. सहा तास.

हा धातू विचित्र आहे. पोलादी पत्रा जिथं घासाल तिथं तापतो आणि तिथंच बोंबलतो. हा तसा नाही. ऊब पसरवत नेतो, वीतभर लांबपर्यंत. सगळं दार हळूहळू कोमट होतं, आणि तुम्हाला वाटतं की काहीच होत नाही. शिवाय पत्रा मऊ. मशीन जरा जोरात टेकलं तर चेपेल.

म्हणून थोडं थोडं. हातभर जागा घ्यायची, चार फेऱ्या, थांबायचं, निवू द्यायचं, दुसरीकडे जायचं. आणि दर वेळी बघायचं — किती तापलं? पोलादावर सात महिने मी वासावर आणि हनुवटीवर भागवलं. इथं हनुवटी पुरत नाही. मनगट लावून बघितलं, तर मशीनच्या थरथरीनं तेही तासभर झोपलेलं असतं. शेवटी गाल लावला.

गाल फारच हुशार निघाला! थोडीशी ऊबसुद्धा सांगतो. एकच अट — दाढी केलेली पाहिजे. खुंट वाढले की त्याला काही कळत नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

पडद्याला भोक आहे आणि भोकाला ठोक्याचा डोळा आहे, हे मला आज कळलं.

डावं मडगार्ड चालू होतं. चार फेऱ्या, मशीन बंद, खाली बसलो, गाल टेकवला, डोळे मिटले. डोळे मिटले की ऊब नीट कळते. उघडले तर समोर ठोक्या! "मास्तर," तो म्हणाला, "आम्ही बाहेर थांबू का?"

दुपारपर्यंत वर्कशॉपभर झालं. मास्तर गाडीचे मुके घेतो. कोणी म्हणालं, वय झालं. कोणी म्हणालं, प्रेमाला वय नसतं. चहावाल्यानं माझ्याबरोबर गाडीसाठीही एक कप ठेवला. मी दोन्ही कप पिऊन टाकले.

घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. ठोक्याची बायको आणि ही एकाच शिवणाच्या वर्गाला जातात. ही दारातच उभी. जवळ येऊन माझा गाल हुंगला.

"पॉलिशचा वास येतोय."

"पॉलिशचंच काम करतो मी."

"गालानं?" मग माझ्या हनुवटीकडे बघून, "रोज दाढी कशाला होतेय ते आत्ता कळलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझ्यासाठी आठवड्यातून दोनदा, आणि तिच्यासाठी रोज!"

मी म्हणालो, "ती गाडी आहे गं!"

"म्हणूनच जास्त लागतं," ही म्हणाली आणि आत गेली. भाजीत मीठ नव्हतं. मागायची हिंमत झाली नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

बाई आल्या होत्या. मी टपावर वाकून गाल लावून उभा, आणि मागून आवाज — "मनगट का नाही लावत?"

मी दचकून डोकं आपटलं. बाई स्टुलावर बसल्या, इकडेतिकडे बघितलं, टेप बघितली, वेगाचा काटा बघितला. म्हणाल्या, "चांगलं करताय. आम्हीसुद्धा मशीननं दात असाच घासायचो. हळू, हलक्या हातानं, थांबत थांबत. दात तापला तर माणूस ओरडतो. तुमच्या गिऱ्हाइकाला ती सोय नाही."

दातांच्या डॉक्टर आणि पॉलिशवाले इतके जवळचे नातेवाईक असतील असं वाटलं नव्हतं. मी खुश झालो. कडा कशा पातळ असतात, घडीवर रंग कसा घसरतो, सगळं सांगितलं. त्याही सांगत होत्या. अर्धा तास मजेत गेला. मग त्या म्हणाल्या, "हात बघू."

मी हात खिशात घातले.

"मी निवृत्त झालेय, चावत नाही. बघू."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढे केले. त्यांनी पर्समधून पेन काढलं. "डोळे मिटा. पेन टेकवते. कोणतं बोट ते सांगा."

मी मिटले. वाट बघितली. आता टेकवलंच असणार, असं वाटून ठामपणे म्हणालो, "पहिलं."

"अजून टेकवलंच नाही."

पुन्हा. या वेळी मी बराच थांबलो. फसायचं नाही असं ठरवलं होतं. थांबलो, थांबलो. शेवटी बाईच म्हणाल्या, "झाली पाची बोटं. उघडा डोळे."

मला एकदम रडू आलं. साठीच्या माणसानं गिऱ्हाइकासमोर रडू नये. मी टेप शोधायचं निमित्त करून गाडीखाली वाकलो. बाई वरूनच बोलत राहिल्या. मशीनच्या कंपनानं असं होतं, त्यांच्या धंद्यातही होतं. नसांच्या डॉक्टरकडे जायला हवं, लवकर. तोपर्यंत मशीन थोडा थोडा वेळच, मध्ये विश्रांती, हात उबदार ठेवायचे. "सकाळी बोटं पांढरी पडतात का?" पडतात. "घरी माहीत आहे?" नाही. "बहिणीला?"

मी वर आलो. म्हणालो, "बाई, गाडी दुसऱ्याकडे न्या. मी तुम्हाला फसवलं."

"मला तुमचा गाल चालेल," बाई म्हणाल्या. "गाडी तुम्हीच पुरी करा. पण मी न्यायला येईन त्या दिवशी तुम्ही बहिणीला सांगायचं. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

बुधवारी न्यायला येणार आहेत. चार दिवस.

१० नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. आधी हिला सांगायचं ठरवलं होतं. पंखा पुसला.

११ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दाढी करताना ही म्हणाली, "घासून करा. तिला टोचायला नको." मी म्हणालो, "बरं." दुसरं काय म्हणणार.

आज डिकी आणि उजवी बाजू. पॅड हिरवट होतं, कारण या जुन्या रंगावर वरून काचेसारखा थर नसतो, सरळ रंगच घासला जातो. प्रत्येक वेळी पॅडवर हिरवं दिसलं की मशीन उचलून खालचा रंग बघतो. धाकटी मध्ये मध्ये येऊन यंत्र लावते आणि आकडा वाचते. एकशेअठरा. एकशेसतरा. परीक्षेचा निकाल लागल्यासारखं वाटतं.

फवारा दिवसभर पडद्याच्या आत. त्याचं आत काय काम? बादली उलटी घालून बसला होता.

"तुला काही उद्योग नाही?"

"नाही," तो म्हणाला.

हे मात्र खरं दिसतं. पूर्वी हा माणूस रोज सहानंतर थांबायचा. मी सहाच्या ठोक्याला निघतो. मशीन फिरवून झालं की माझं काम संपलं. पॉलिशची पावडर पुसणं हे हलकं काम, ते मी कधी केलं नाही, ते फवारा करायचा. आणि झालेल्या कामाकडे वळून बघायचं नाही हा माझा नियम. सोनं एकदा घडलं की पुन्हा पुन्हा कसाला लावत नाहीत. या गाडीवर मात्र सगळं मलाच पुसावं लागतंय. परकं फडकं चालत नाही ना! पाहुण्यांच्या टॉवेलनं पुसतो. कंटाळवाणं काम आहे. फवाऱ्यानं इतकी वर्षं कसं केलं कोण जाणे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बॉनेट. सत्तरचा आकडा.

घडीवर दुहेरी टेप लावली. सगळ्यात मऊ पॅड घेतलं. वेग दोनवर. डाव्या बाजूनं सुरुवात केली, घडीपासून चार बोटं लांब. चार फेऱ्या, गाल. कोमट. वाट बघितली. चार फेऱ्या, गाल. ठीक. असं करत अकरा वाजले. फवारा बादलीवर. मी त्याच्याकडे बघत नव्हतो, पण त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मास्तर, कड सोड," तो म्हणाला.

"तू मला शिकवणार?"

"नाही शिकवत. फक्त कड सोड. कडेला कोण बघतंय? सोडून दे."

माझं टाळकं सणकलं. फडकं फेकून मारलं त्याला. आणि रागात मशीन उचललं — रागात मशीन उचलायचं नाही हे मी तीस वर्षं नवशिक्यांना सांगत आलो! घडीच्या जवळ नेलं. किती फेऱ्या झाल्या? मोजलंच नाही. सहा? आठ? मग वास आला. अगदी पुसट, गोडसर. मी मशीन उचललं, बंद केलं, वाकून गाल टेकवला आणि —

चटका! चांगलाच. गाल मागे घेतला तरी झोंबत होता.

फवारा उठून उभा राहिला. पांढराफटक. "गेला?"

मी मशीन खाली ठेवलं. पाणी मारायचं नाही, तापलेल्या रंगावर गार पाणी नको. नुसतं उभं राहायचं, निवायची वाट बघायची. किती वेळ गेला माहीत नाही. ठोक्याचं ग्राइंडर लांब कुठंतरी बंद पडलं, चहावाला येऊन परत गेला. मनात एकच — हा रंग आता बनत नाही. बाईंनी मला गालासकट ठेवून घेतलं आणि मी रागापायी त्यांची गाडी जाळली.

मग टॉवेल घेतला. पावडर पुसली. टेप काढली.

रंग होता. हिरवा, अख्खा, घडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. धाकटीनं पळत येऊन यंत्र लावलं. अडुसष्ट.

"नाही गेला," मी म्हणालो.

फवारा बादलीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं हसतोय. नव्हता हसत. त्याच्या रंगाचा, त्याच्या गाडीचा प्रश्न असल्यासारखा! मला त्याचं काही कळेना. मी त्याला पाणी दिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

गालावर लाल डाग आहे. ही म्हणाली, "आज तिनं मारलं वाटतं."

१३ नोव्हेंबर, बुधवार

गाडी गेली.

उन्हात उभी केली तेव्हा सगळे काम टाकून बाहेर आले. ठोक्यासुद्धा. बॉनेटमध्ये आकाश दिसत होतं, आणि वाकून बघणाऱ्या बाई. बाईंनी घडीवरून बोट फिरवलं, दारांवरून, टपावरून. वर्षभर काम करून एखादीच गाडी अशी होते. या वेळी मी नियम मोडला आणि वळून बघितलं. दोनदा.

बाईंनी गाडीत बसून काच खाली केली. "बोललात?"

"आज."

"मी कोपऱ्यावर थांबून फोन करेन बहिणीला. पाच मिनिटं आहेत तुम्हाला."

डॉक्टर माणसं अशीच. दया आणि धमकी एकाच चमच्यातून पाजतात.

गेलो ऑफिसात. धाकटी कागद लावत होती. मी दार लावलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. एप्रिलपासून बोटांना काही कळत नाही. सात महिने तुला फसवतोय. टेप धुळीसाठी नव्हती. गाल मुक्यांसाठी नव्हता. मशीन काढून घे. कोणाची गाडी जाळण्याआधी घे.

धाकटीच्या हातातले कागद तसेच राहिले. मला वाटलं रागावेल. लहानपणी मी तिची बाहुली तोडली होती तेव्हा तिनं मला चपलेनं मारलं होतं. आज चप्पल पायातच राहिली. ती उठली आणि माझे दोन्ही हात धरले. धरले ते दिसलं, कळलं नाही. "दादा, आधी का नाही सांगितलंस रे?" मग दार उघडून फवाऱ्याला हाक मारली. त्याला एवढंच म्हणाली, "याची बोटं गेलीत. एप्रिलपासून."

"एप्रिल," फवारा म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग धाकटी म्हणाली, "आत्ता घरी जा दादा. उद्या सकाळी बोलू. बसून बोलू."

म्हणजे संपलं. उद्या निरोप.

घरी हिलाही सांगितलं. ती ऐकत राहिली. आधी हसली, मग एकदम रडायला लागली. म्हणाली, "मी आपली तुमची चेष्टा करत बसले." माझं बोट धरलं, दाबलं. "हे कळतं?" नाही. "हे?" नाही. मग तिनं तिचा तळवा माझ्या गालावर ठेवला, भाजल्याच्या जरा बाजूला.

ते कळलं. सांगताही येईना इतकं कळलं.

नसांच्या डॉक्टरकडे शुक्रवारी जायचंय. ही येणार आहे बरोबर.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

धाकटीनं समोर बसवलं. फवारा भिंतीला टेकून उभा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मशीन बंद, ती म्हणाली. मी मान हलवली. मग ती खाली बघून म्हणाली, "दादा, एक सांगायचं राहिलंय. वीस वर्षं राहिलंय. तुझ्या हातून दर महिन्याला दोन-तीन कडा जळायच्या. पावडरीखाली तुला दिसायच्या नाहीत. तू सहाला गेलास की हा पुसायचा आणि रंग मारून ठेवायचा. तुला कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं होतं."

फवारा भिंत सोडून पुढे आला.

"एप्रिलपासून एकही नाही, मास्तर. सात महिने मी सहाला घरी जातोय. आम्हाला वाटलं, तुला काहीतरी झालंय."